बीजगणितातला कंस आणि रेशनचा तांदूळ

आपल्या घरातले लेकरू सहावी-सातवीपर्यंत गणितात बरे असते. पाढे पाठ असतात, दुकानातून उरलेले पैसे बरोबर मोजून आणते, वडिलांच्या पगाराच्या चिठ्ठीवरची बेरीजसुद्धा तपासते. मग कधीतरी वहीत आकड्यांच्या शेजारी अक्षरे येऊन बसतात आणि तेच लेकरू म्हणू लागते, 'मला गणित येत नाही.' आईवडील ते ऐकून घेतात आणि वर म्हणतात, 'आपल्या घराण्यात कोणाला गणित आले होते, म्हणून ह्याला येणार?' हे वाक्य आम्ही सोलापुरात इतक्या घरांत ऐकले आहे की आता ते कानावर पडले की आमचे डोके तापते. घराण्याला गणित आले नव्हते की येऊ दिले नव्हते, हा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही.

आम्ही काही गणिताचे पंडित नव्हे. बी. कॉम. होऊन एका कचेरीत कारकुनी करतो. कामावरून सुटलो की वस्तीतल्या विहाराच्या हॉलमध्ये सतरंज्या अंथरून आठवी ते दहावीच्या मुलांचा अभ्यासवर्ग घेतो. ह्याच सोलापुरात ४ जानेवारी १९२५ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभेने हायस्कुलात शिकणाऱ्या आपल्या मुलांसाठी वसतिगृह उघडले होते. त्याला शंभर वर्षे होऊन गेली. हायस्कूल म्हणजे बीजगणित आलेच. तेव्हा 'आपल्या लोकांना' बीजगणित नवे आहे, असे म्हणण्याचे दिवस कधीच सरले आहेत.

आमच्या अनुभवाने सांगतो, मुले बीजगणितात पुढे कोठे अडोत, त्यांचा पाय पहिल्यांदा घसरतो तो दोनच जागी. एक, कंस सोडवताना. दुसरी, सारखी पदे एकत्र करताना. पुस्तकात पहिल्याला वितरणाचा गुणधर्म म्हणतात आणि दुसऱ्यातल्या पदांना सरूप किंवा सजातीय पदे. सेमी इंग्रजीच्या मुलांची गोष्ट आणखी निराळी. त्यांच्या तोंडी 'डिस्ट्रिब्युटिव्ह प्रॉपर्टी' आणि 'लाइक टर्म्स' असे शब्द असतात. एका मुलाच्या वडिलांनी आम्हाला फार काळजीने विचारले, 'भाऊ, ही कुठली प्रॉपर्टी? वाटणीची का?' आम्हाला हसू आले, पण त्यांचे अगदीच चुकले होते असे नाही. ही वाटणीचीच बाब आहे. फक्त तिला सातबारा नाही.

आता उदाहरण घेऊ. नववीतली एक मुलगी आमच्याकडे येते. नाव सांगत नाही. आई घरी विड्या वळते. मुलीला दहावीनंतर पॉलिटेक्निकला जायचे आहे, पण गणिताचा पेपर आला की पोटात गोळा येतो. आईने एकदोनदा बोलूनही दाखवले होते की, गणित जमत नसेल तर शिलाई मशीनचा क्लास लावू. तिच्या वहीत आम्हाला हे दिसले:

६(२ग + ३त) = १२ग + ३त

सहाने पहिल्या पदाला गुणले आणि दुसऱ्याला तसेच सोडून दिले. ही चूक आम्ही शेकडो वह्यांत पाहिली आहे. 'नियम पाठ कर' असे सांगून ती जात नाही, कारण नियम मुलीला पाठ असतोच. मुलीला न्यायला आई आली होती, तिला आम्ही विचारले, 'ताई, तुमच्या कार्डावर माणसे किती?' म्हणाली, 'सहा.' आम्ही म्हटले, 'समजा ह्या महिन्यात माणशी २ किलो गहू आणि ३ किलो तांदूळ आला. दुकानदाराने १२ किलो गहू दिला आणि ३ किलो तांदूळ दिला, तर?'

'भाऊ, गहू सहा जणांचा आन् तांदूळ एकाचाच? असं दिलं तर मी दुकानापुढनं हलणार नाही की ओ!'

मुलगी आईच्या तोंडाकडे पाहतच राहिली. कंसाच्या बाहेरचा सहा म्हणजे कार्डावरची सहा माणसे, आणि कंसात जे जे आहे ते ते प्रत्येकाला मिळाले पाहिजे. १२ग + १८त. सरकारी भाषेत रेशनला सार्वजनिक वितरण व्यवस्था म्हणतात. पुस्तकातल्या वितरणाचा शब्द तोच आहे, आणि अर्थही फार लांबचा नाही.

पण येथे थांबून एक गोष्ट सांगणे जरूर आहे, कारण शाळेत आणि शिकवणीत ह्याच ठिकाणी गोंधळ होतो. वरच्या उदाहरणात 'ग' म्हणजे गहू नव्हे. पुष्कळ ठिकाणी मुलांना सोपे जावे म्हणून सांगतात, अ म्हणजे आंबा, क म्हणजे केळे. तीन आंबे आणि दोन केळी. ऐकायला गोड वाटते. मग मूल सरळ विचार करते, तीन आंबे आणि दोन केळी मिळून पाच फळे; आणि वहीत लिहिते, ३अ + २क = ५अक. त्याला रागावून काय उपयोग? त्याने सांगितले तेच केले. पुढे 'अ गुणिले क' आले की आंब्याला केळ्याने गुणायचे कसे, हे कोणालाच सांगता येत नाही. आमचे स्पष्ट मत आहे की ही फळांची टोपली वर्गातून उचलून बाहेर ठेवावी. अक्षर म्हणजे वस्तू नव्हे, अक्षर म्हणजे संख्या. आपल्याला अजून न सांगितलेली संख्या. 'ग' म्हणजे एक किलो गव्हाचा भाव, 'त' म्हणजे एक किलो तांदळाचा भाव. मग २ग म्हणजे दोन किलो गव्हाचे पैसे.

असे म्हटले की ताळा घेता येतो. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाच्या कार्डावर माणशी महिना ५ किलो धान्य ठरवले. त्यात गहू २ रुपये किलो होता आणि तांदूळ ३ रुपये. ते भाव घाला. एका माणसाचे दोन किलो गव्हाचे ४ आणि तीन किलो तांदळाचे ९, मिळून १३ रुपये. सहा माणसांचे ७८. आता उत्तरात घाला: १२ किलो गव्हाचे २४, १८ किलो तांदळाचे ५४, मिळून ७८. जुळले. मुलीच्या पहिल्या उत्तरात घातले तर २४ आणि ९, म्हणजे ३३ रुपये. कोठे ७८ आणि कोठे ३३! एवढा ताळा घ्यायला बीजगणित यावे लागत नाही. आई घेऊ शकते, आजी घेऊ शकते.

१ जानेवारी २०२३ पासून हे धान्य फुकट झाले, तेव्हा एका चलाख मुलाने लगेच विचारले, 'सर, आता भाव शून्य. शून्य घालून ताळा घेऊ का?' घेऊन पाहिला. बरोबर उत्तरही शून्य आणि चुकीचे उत्तरही शून्य. फुकटच्या मालात कोणाला कमी मिळाले ते पैशावरून कळत नाही! म्हणून ताळ्याला शून्य घेऊ नये. एकही घेऊ नये, त्याचे कारण पुढे येईल.

आता मुलांची दुसरी तक्रार. शाळेत 'कंचेभागुबेव' शिकवलेले असते. आधी कंस, मग चे, मग भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. मूल म्हणते, आधी कंस सोडवायचा ना? मग कंसातले २ग आणि ३त आधी मिळवलेच पाहिजेत. तक्रार रास्त आहे. कंसात २ आणि ३ असते तर ५ झाले असते आणि प्रश्न मिटला असता. पण ग आणि त ह्या दोन न सांगितलेल्या संख्या आहेत. भाव कळल्याशिवाय त्यांची बेरीज पुढे जात नाही. घराला कुलूप आहे आणि किल्ली अजून आलेली नाही. अशा वेळी आत न जाता बाहेरच्या सहाला दारातून प्रत्येकापर्यंत पोचवण्याची जी रीत, ती वितरणाची. हे एवढे कारण सांगितले की मुलांचे कंचेभागुबेवशी भांडण मिटते. पुष्कळ पुस्तके नियम देतात, पण हे कारण देत नाहीत.

आता सरूप पदे. १४ एप्रिलच्या जयंतीची वर्गणी आपण सारेच काढतो. एका गल्लीत १२ घरे, दुसरीत १५, प्रत्येक घरी 'व' रुपये. १२व + १५व = २७व. का? कारण प्रत्येक घराचा 'व' तोच आहे. सत्तावीस घरांना एकच आकडा. शिवाय एका नोकरदार बांधवाने ५०० रुपये वेगळे दिले. एकूण २७व + ५००. येथे मुले हटकून ५२७व करून मोकळी होतात, कारण अधिकचे चिन्ह मध्ये उघडे दिसले की त्यांना उत्तर अपुरे वाटते. घरटी १०० रुपये धरा. खरी रक्कम २,७०० आणि ५०० मिळून ३,२००. ५२७व धरली तर ५२,७०० रुपये! एवढी वर्गणी जमली असती तर मंडपवाल्याच्या दारात आम्हाला उधारीसाठी उभे राहावे लागले नसते. आणि आता वरची एकाची गोष्ट पाहा. घरटी १ रुपया धरला तर २७ आणि ५०० मिळून ५२७, आणि चुकीचे ५२७व देखील ५२७. चूक लपून राहते. तेव्हा ताळ्याला दोन घ्या, तीन घ्या, दहा घ्या. शून्य आणि एक नको.

आम्हाला ह्या साऱ्यात सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे की हे दोन धडे मुळात एकच आहेत, आणि मुलांना हे कोणी सांगत नाही. १२व + १५व ह्यात व सामाईक आहे. तो बाहेर काढा: (१२ + १५)व. म्हणजे २७व. वितरणात बाहेरचा आत वाटला, येथे आतला सामाईक बाहेर काढला. वाट एकच, जाताना वितरण, येताना सरूप पदांची बेरीज. त्या मुलीला आम्ही दोन घरांचे उदाहरण दिले, एका कार्डावर ६ आणि शेजारच्या कार्डावर ४ माणसे: ६(२ग + ३त) + ४(२ग + ३त). तिने १२ग, १८त, ८ग, १२त असे अर्धे पान लिहून शेवटी २०ग + ३०त आणले. बरोबर आणले. मग आम्ही विचारले, दोन्ही घरांची मिळून माणसे किती? 'दहा' म्हणाली, आणि पुढचे तिचे तीच बोलली. १०(२ग + ३त), एका ओळीत. त्या दिवशी तिने ते पान फाडले नाही, दोन्ही रीती शेजारी शेजारी ठेवल्या.

सजातीय हा शब्द आला की आमच्या वर्गातली मोठी मुले एकमेकांकडे पाहून हसतात. हसणारच. आम्ही सांगतो, येथे जन्म पाहायचा नसतो. अक्षर कोणते आणि त्याचा घात किती एवढेच पाहायचे. सहगुणक तीन असो की तीनशे, त्याने पद निराळे होत नाही. पण घात बदलला की निराळे झाले. दहा फूट लांबीची भिंत आणि शंभर चौरस फुटांची खोली यांची बेरीज करून एकशे दहा म्हणणारा गवंडी आम्ही अजून पाहिला नाही. मग क्ष आणि क्षचा वर्ग यांची बेरीज तरी मुलांनी का करावी?

कंसाआधी वजा चिन्ह आले की मात्र शहाणी मुलेही फसतात. किराणा दुकानात ५०० रुपयांची उधारी आहे. तुम्ही २०० दिले आणि त्यातले ५० परत घेतले. ५०० − (२०० − ५०). म्हणजे खरे दिले १५०, उधारी राहिली ३५०. कंस काढला की ५०० − २०० + ५०. आत वजा असलेले ५० बाहेर अधिक झाले, कारण परत घेतलेले पैसे पुन्हा तुमच्या नावावर चढले. मूल ५०० − २०० − ५० करून २५० आणते. असा हिशेब दुकानदाराला सांगून पाहा, तो मान्य करतो का! वजा म्हणजे कंसातल्या प्रत्येकाला उणे एकने गुणणे. हेही वितरणच, फक्त येथे वाटणारा हात उलटा आहे.

त्या विड्या वळणाऱ्या ताईंकडे पुन्हा वळतो. पंचवीस विड्यांचे एक बंडल, चाळीस बंडलांचे हजार. एके दिवशी ३६ बंडले झाली. किती विड्या, म्हणून आम्ही विचारले. क्षणाचाही विलंब न लावता म्हणाल्या, 'नऊशे.' कसे काढले? 'हजाराला चार बंडलं कमी, म्हंजी शंभर कमी.' पंचवीस गुणिले छत्तीस असा पाढा त्यांनी केलाच नाही. २५(४० − ४) = १००० − १००.

आता ऐका. भास्कराचार्यांनी ११५० सालच्या ग्रंथातल्या लीलावती ह्या भागात १३५ ला १२ ने गुणण्याचे उदाहरण दिले आहे. त्यात एक रीत अशी की १२ चे ८ आणि ४ असे तुकडे करा, दोहोंनी वेगवेगळे गुणा, १०८० आणि ५४० मिळवा, १६२०. दुसरी रीत अशी की १२ मध्ये आपल्या सोयीची संख्या मिळवून गुणा आणि मग तेवढे वजा करा: विसाने गुणून २७००, त्यातून आठाने गुणलेले १०८० वजा, पुन्हा १६२०. ही दुसरी रीत म्हणजे ताईंचीच रीत. त्यांच्याच बीजगणितात पहिल्या अज्ञात संख्येला यावत्-तावत्, म्हणजे 'जितके असेल तितके', असे नाव आहे, आणि पुढच्या अज्ञातांना कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे. काळे-निळे एकत्र मिळवायचे नाहीत, सारख्यात सारखे मिळवायचे, निराळे निराळे ठेवायचे, हा नियमही तेथे सांगितला आहे. सारखेपणासाठी शब्द मात्र जाती हाच वापरला आहे. 'जितके असेल तितके' हे नाव आम्हाला क्ष पेक्षा चांगले वाटते. मुलाला त्यातून लगेच कळते की आत संख्याच आहे.

चाळीसगावजवळच्या पाटण येथे १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढल्याची नोंद त्यात आहे. त्या मठाच्या पायऱ्या आपल्यापैकी कोणाचे पूर्वज चढले असतील, असे आम्हास वाटत नाही. त्यानंतर सातशे वर्षांनी डॉ. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत घेऊ दिले नाही, त्यांना फारसी घ्यावी लागली. तेव्हा ग्रंथ कोणाच्या घरात होता, हे आपणास ठाऊक आहे. रीत मात्र ग्रंथात नाव नसलेल्यांच्या बोटांवरही होती. तरीही आम्ही असे म्हणणार नाही की बोटांवरचे पुरे आहे. ताईंना ३६ बंडले येतात, पण बंडलांचा आकडाच अज्ञात ठेवून दर ठरवायचा तर कागद लागतो. मालकाचा हिशेबनीस कागदावर काढतो, आणि आपण बोटांवर. म्हणून मुलीने कागदावरचे शिकायचे.

अमेरिकेत रॉबर्ट मोझेस नावाचे एक कृष्णवर्णीय कार्यकर्ते होऊन गेले. २०२१ साली वारले. १९६० नंतरच्या वर्षांत मिसिसिपी राज्यात काळ्या शेतमजुरांची मतदार नोंदणी करण्यासाठी त्यांनी मार खाल्ला, तुरुंग भोगला. तेथे साक्षरतेची परीक्षा पुढे करून काळ्यांना मतदारयादीबाहेर ठेवीत असत. मोझेस मूळचे गणिताचे शिक्षक. त्यांनी १९८२ साली 'अल्जिब्रा प्रोजेक्ट' सुरू केला. त्यांचे म्हणणे असे की काल मताच्या हक्कावाचून माणूस जसा बाहेर राहिला, तसा आज बीजगणितावाचून राहतो. म्हणून हा नागरी हक्काचाच प्रश्न आहे. त्यांची शिकवण्याची पद्धत आम्हाला फार पटली. आधी मुलांना एखादी गोष्ट प्रत्यक्ष करायला लावायची. ते मुलांना बोस्टनच्या आगगाडीत बसवून फिरवून आणीत. मग तिचे चित्र काढायचे, मग ती आपल्या घरच्या बोलीत सांगायची, मग नेमक्या शब्दांत, आणि सर्वांत शेवटी चिन्हांत. आपल्याकडे शेवटचे आधी येते आणि घरची बोली येतच नाही. रेशनचे दुकान ही आमची बोस्टनची गाडी.

पालकांना एवढेच सांगणे आहे की, आपल्याला बीजगणित येत नाही म्हणून वहीपासून लांब बसू नका. मुलाच्या शेजारी बसा आणि म्हणा, ह्या अक्षराच्या जागी दोन घाल. वरच्या ओळीत किती आले, खालच्या ओळीत किती आले? दोन्हीकडे एकच आकडा आला पाहिजे. एवढे विचारायला दहावी पास असावे लागत नाही.

आज रात्री जेवणे झाली की हे एक उदाहरण मुलांना घाला: ५(२क + ३) − २(क − ४). उत्तर ८क + २३ यावे. क च्या जागी २ घालून पाहा, दोन्हीकडे ३९ येतात. ८क + ११ आले असेल तर पाच फक्त पहिल्यालाच मिळाले. ८क + ७ आले असेल तर वजा चिन्हापाशी दुकानदाराची गोष्ट पुन्हा सांगा. ३१क आले असेल तर वर्गणीचा मंडप आठवा. आणि ह्याहून वेगळेच काही आले, तर वही घेऊन मुलाला पाठवा. मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी साडेसातनंतर आम्ही विहारात असतोच.